शैलाचा वन्स मोअर

परवा नांदेडला संगीत नाटक बघायला गेले. नांदीआधी पडद्यामागून धुपाचा वास आला आणि मला लातूरचं ते नाटक आठवलं. वास चांगला होता, आठवण तशी नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. त्या नाटकातली सगळी पदं मला रेडिओवर ऐकून तानांसकट पाठ होती. निलंग्याहून आत्या आणि तिची शैला आल्या होत्या. शैलाला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तिचं सगळं लक्ष डब्यातल्या चिवड्यावर. वन्स मोअर म्हणजे काय, हेही तिला दुपारी मीच शिकवलं होतं.

नायिकेनं माझं आवडतं पद संपवलं. वन्स मोअर द्यायचा, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण आमच्याकडे बायकांच्या रांगेतून कुणी ओरडत नसे. मी आत्याकडे बघत राहिले आणि शैला उभी राहून ओरडली, "वन्स मोअर!"

"बस की खाली, लाज न्हाई का तुला?" आत्यानं तिला ओढलं.

नायिका मात्र शैलाकडे बघून हसली, तिला हात जोडले आणि पद पुन्हा सुरू केलं. पहिल्या वेळची एकेक हरकत मला आजही आठवते. दुसऱ्या वेळचं काहीच आठवत नाही, कारण मी शैलाकडेच बघत होते.

परवा मध्यंतरात तिला फोन केला.

"हाव गं, लई जोरात वरडले होते मी!" ती हसली. "पण पद कोणतं होतं?"

मी सांगितलं नाही.