तुंगार्लीचा स्पंज आणि सरपण झटकायचा दगड

"सोमवारी जिवंत स्पंज आणा, नाहीतर गांडुळं घ्या." एवढं बोलून सरांनी फाइल मिटली आणि माझा लोणावळ्याचा प्रवास ठरला.

साठचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रबंधाला स्पंजच हवा म्हणून हटून बसले होते. प्रयोगशाळेत समुद्रातले स्पंज होते, पण बरणीत मुरलेले. गोड्या पाण्यातही स्पंज सापडतात, अशी पुस्तकात एक ओळ होती, तेवढ्यावर मी उडी घेतली होती. गांडुळांशी माझं वैर नाही, पण त्यांच्याबरोबर वर्षं काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

शुक्रवारी सकाळीच एसटी पकडली. सोमाटण्याला गाडी थांबली तेव्हा माझ्या पिशवीतल्या बरण्या पाहून कंडक्टरनं विचारलं, "लोणचं का ताई?"

"अजून कैरीच मिळाली नाही," मी म्हटलं.

तिकीट फार नव्हतं, पण धूळ भरपूर मिळाली. तुम्ही जाणार असाल तर डोक्याला रुमाल बांधा. लोणावळ्यात आत्याकडे उतरले. तिनं भाकरी-पिठलं बांधून दिलं आणि मी तडक तुंगार्लीच्या तळ्याची चढण धरली. चढ अंगावर येतो, पण अर्ध्या तासाचाच आहे.

मे महिना होता. तळं खोल गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ आणि बुडून वाळलेली झाडं उघडी पडलेली. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि दगडन् दगड उलटा केला. डोळ्यांसमोर बरणीतला स्पंज होता, तपकिरी, पेल्यासारखा. तसलं काही म्हणजे काही नव्हतं. दुपारी काठावरच्या एका मोठ्या दगडापाशी, करड्या भुशाच्या मऊ ढिगावर बसून जेवले. पुन्हा पाण्यात, संध्याकाळी उरलेली भाकरी खायला पुन्हा त्याच ढिगावर. घरी गेल्यावर हात असे खाजायला लागले की विचारू नका. आत्या खोबरेल चोळत म्हणाली, "सर सांगतात ते ऐकावं गं. गांडुळं काय वाईट?" मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडले असते तर तिनं दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नसतं.

शनिवारी उजाडताच पुन्हा तळ्यावर. वरच्या वाडीतल्या ठाकर बायका गाळातली लाकडं गोळा करत होत्या. त्यातली एक, चिमाबाई, माझ्याकडे बघतच राहिली.

"आगं बाय, हात कशानं सुजलं?"

"डास चावले असतील, मावशी."

"डास न्हाईत. काल त्या दगडापाशी बसलतीस. तितं आमी सरपान झटकतो."

"झटकता कशाला?"

"पान्यातल्या लाकडाला खपली धरती. लय खाजती. तशीच मोळी डोईवर घेतली तर मानंला झोप न्हाई. म्हनून आदी दगडावर आपटायचं, मंग बांदायचं."

मी धावतच सुटले. मूठभर भुसा उचलला, भिंग लावलं. जाळीदार खपली, भोकंच भोकं, आणि त्यांत खसखशीपेक्षा बारीक पिवळे दाणे. दिवसभर ज्याच्यासाठी पाण्यात उभी होते, त्याच्यावर बसून मी दोनदा जेवले होते! आनंद झाला आणि लाजही वाटली.

चिमाबाई मागून आली. हाच प्राणी शोधत होते, असं मी तिला सांगितलं. "ह्ये जित्राब हाय?"

"हो. पण याला तोंड नाही, पोट नाही."

"मंग खातंय कसं?"

मी सांगितलं, अंगभर बारीक भोकं असतात. आतल्या पेशी शेपट्या हलवून पाणी ओढतात, त्यातलं खाणं गाळून घेतात आणि उरलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर टाकतात.

"बसल्या जागी गाळून खायचं. बरं हाय त्येचं," ती म्हणाली. मग आपल्या मोळीतली दोन लाकडं काढून माझ्या हातात ठेवली. "ही झटकायची ऱ्हायल्यात. ने."

रविवारी पॅसेंजरनं परतले. तळ्याचं पाणी बरणीत होतं, लाकडं मांडीवर होती आणि डब्यात खाजवणारी मी एकटीच होते.

सोमवारी सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काचेच्या सुयाच सुया, म्हणजे स्पंजचा सांगाडा; त्याच माझ्या हातांत रुतल्या होत्या. "स्पंज आहे, मान्य. पण मी जिवंत म्हणालो होतो."

"दाणे जिवंत आहेत, सर. पाणी मिळालं की त्यांतून नवा स्पंज उगवतो. समुद्र आटत नाही, म्हणून तिथल्या बहुतेकांना ही शिदोरी बांधावी लागत नाही. तळं आटतं. समुद्र सोडून इकडे आलेल्यांनी ती बांधायची सवय लावून घेतली."

"आठवडा देतो. दाखवा."

दाणे तळ्याच्या पाण्यात टाकले. वर्गात सगळे विचारायचे, खसखस भिजली का? पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी एका दाण्याभोवती पांढरी साय धरलेली दिसली. सातव्या दिवशी तिच्याजवळ चिमूटभर लाल रंग सोडला. कण आत ओढले गेले, आणि थोड्या वेळानं इवल्याशा धुराड्यातून बाहेर पडले. सर कितीतरी वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "गांडुळं सुटली बिचारी."

आज घरात त्या लाकडाचा एक तुकडा आहे. तुम्ही मे महिन्यात तुंगार्लीला गेलात तर बुडालेली झाडं जरूर बघा, फक्त हात डोळ्यांना लावू नका. त्या प्रवासातून प्रबंध मिळाला, पुढे नोकरीही मिळाली. पण मला आठवतं ते बरणीवरचं लेबल. 'गोळा करणारा' या रकान्यात मी लिहिलं होतं, चिमाबाई, तुंगार्ली.

सरांनी ते खोडलं. "इथे तुमचं नाव येतं."

"मी त्याच्यावर बसले होते, सर," मी म्हटलं, आणि नवं लेबल घेऊन पुन्हा तेच नाव लिहिलं.