उरलेल्या फितीवरचं गाणं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर वाचताना माझा हात स्विचबोर्डाकडे जातो. कुणी लिहिलं की पंखा आपोआप फिरला, की मी मनात म्हणते, आधी वायरिंग तपासा. शहाद्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, बावीस वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... आणि मी सांगणार आहे त्यात भूत नाहीच मुळी. एक गाणं आहे.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे – 'राहून गेलेली गाणी'. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथली चाळीसेक माणसं. दर रविवारी एकाची पाळी. त्याने एक गाणं सुचवायचं, फारसं कुणाच्या कानावर न पडलेलं, आणि ते आपण पहिल्यांदा कुठे ऐकलं तेही लिहायचं. नुसती लिंक टाकलेली चालत नाही. ग्रुपवर नवापूरचे वसावे सर आहेत, रिटायर्ड शिक्षक. तुम्ही कुठूनही शोधून गाणं आणा, पाच मिनिटांत सरांचा मेसेज येतो – 'ऐकलंय.' बस, एवढंच. राग येतो, पण माणूस खोटं बोलत नाही, त्यांनी ते खरंच ऐकलेलं असतं.

माझी पाळी आली तेव्हा सुचवण्यासारखं माझ्याकडे एकच गाणं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

हे कळायला आधी रशीदचाचा कळायला हवेत. नंदुरबारच्या बाजारात त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आपण कागदावर यादी द्यायची, ते रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचे. हे तेव्हा बरेच दुकानदार करायचे. पण यादी संपल्यावर शेवटी तीन-चार मिनिटांची फीत उरते ना, ती बाकीचे कोरी सोडायचे. चाचा सोडत नसत. तिथे ते स्वतःच्या पसंतीचं एक गाणं भरायचे – न विचारता, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून. वर आमच्या अहिराणीत म्हणायचे, "ताटमा जागा उरनी ते चटनी वाढतंसच ना."

आणि ती चटणीच लोकांच्या जिभेवर राहायची. आमच्या म्हसावदला तर माणसं पैसे देऊन भरून घेतलेली गाणी पळवून थेट शेवटावर जायची! काय कान होता त्या माणसाचा. ज्या रेकॉर्डची मागची बाजू कुणी कधी लावली नसेल, तीच नेमकी चाचांना पाठ. आज ग्रुपवर मी दर्दी म्हणून मिरवते, पण माझे कान घडवले चाचांनी.

मोठ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या हळदीसाठी भाऊने चाचांकडूनच कॅसेट भरून आणली होती. मांडवात भोंग्यावर ती लागली. यादी संपली, बायका हळद लावण्यात गुंग, आणि चाचांचं गाणं सुरू झालं. एका बाईचा जाडसर, जरा घोगरा आवाज. साथीला फक्त बुलबुलतरंग. नदीपलीकडे दिलेली मुलगी काठावर बसलीय आणि होडी काही येत नाही, असं काहीसं गाणं. हळद लावणारे हात जागीच थांबले. अक्काला तापीपलीकडे रनाळ्याला दिलेली. उष्टी हळद घेऊन आलेल्या तिकडच्या आत्याबाईंनी नाक मुरडलं – हळदीला असलं रडगाणं लावतात का, अपशकुन आहे हा. भाऊचं तोंड उतरलं.

लग्न उरकल्यावर भाऊ ती कॅसेट घेऊन चाचांकडे गेला. मी सतरा वर्षांची, बरोबर होते. दुकानात गिऱ्हाइकं होती तरी भाऊ नको नको ते बोलला. चाचांनी नुसता हात पुढे केला. कॅसेट मशीनमध्ये घातली, नेमकी जागा शोधली आणि आमच्यासमोर ते गाणं पुसलं. चार मिनिटं आम्ही तिघं त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत उभे होतो. मला ते गाणं फार आवडलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. पुढे कळलं की त्या दिवसापासून चाचांनी सगळ्यांचीच उरलेली फीत कोरी सोडली, अगदी दुकान बंद होईपर्यंत. आमच्या एका कॅसेटपायी अख्ख्या जिल्ह्याची चटणी गेली... हे मला आजतागायत टोचत होतं.

म्हणून ठरवलं, चाचा आहेत तोवर जाऊन माफी मागायची आणि त्या गाण्याचं नावही विचारायचं. कॅसेट मी जपून ठेवली होती. आदल्या दिवशी लॅबमधल्या जुन्या टेपवर लावून पाहिली. यादीतली गाणी नीट वाजली, शेवटी नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि अक्का चाचांच्या घरी पोचलो.

चाचांनी ऐंशी ओलांडलीय. डोळ्यांनी दिसत नाही, पण चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं की दोघी आल्यात. त्यांची सून शबाना चहाला लागली. ग्रुपसाठी चाचांचं बोलणं हवं म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो खाटेवर ठेवला. मग माफी मागायला लागले. चाचांनी मला थांबवलं. म्हणाले, भाऊचं काही चुकलं नाही, मंगलकार्यात तसलं गाणं मीच भरायला नको होतं.

तेव्हा अक्का बोलली. इतकी वर्षं ती या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती.

"चाचा, माले ते गानं आवडनं व्हतं. हयद मन्ही व्हती, पन माले कोनी इचारंच नही."

चाचांनी मान तिच्या आवाजाच्या दिशेने वळवली. मग म्हणाले, कॅसेट लाव. त्यांचं मशीन कपाटात फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. मी ते लावलं. यादीतलं शेवटचं गाणं संपलं. खरखर सुरू झाली. मी बटण दाबायला हात पुढे केला आणि... बुलबुलतरंग वाजला.

पुसट नाही हो, लख्ख. तोच जाडसर आवाज, तीच होडी. शबाना ट्रे घेऊन दारातच थबकली. अक्का पदर तोंडाला लावून रडत होती. चाचांची बोटं खाटेच्या पाटीवर ठेका धरत होती. अंतऱ्यात एका जागी ते "वाह" म्हणाले आणि पुढे एका हरकतीवर पुन्हा एकदा "वाह". मला वाटलं, लॅबमधल्या टेपचंच काही बिघडलं असेल, चाचांनी तेव्हा आमच्या डोळ्यांत धूळ फेकून गाणं राखून ठेवलं असणार. किती आनंद झाला मला!

गाणं संपल्यावर चाचांचा चेहरा मात्र उतरला होता. "हाई मी नही भरेल, बेटा. तुम्ही गयात त्याच दिन ती रेकॉर्ड मी भंगारवालाले दी टाकी." म्हणजे ते त्यांनी पुन्हा भरलेलंच नव्हतं. गाण्याचं नाव विचारलं, तर म्हणाले की त्या रेकॉर्डवरचं लेबलच फाटलेलं होतं.

मी फीत मागे घेऊन पुन्हा लावली. खरखर. तीनदा लावली, तीनदा खरखर.

परतीच्या एसटीत मोबाइल कानाला लावला. त्यात आमचं सगळं बोलणं आहे, यादीतलं शेवटचं गाणं आहे, त्यानंतर फितीची खरखर. त्या खरखरीवर चाचांच्या बोटांचा ठेका, कपबशी वाजल्याचा आवाज, अक्काचा हुंदका आणि दोन ठिकाणी "वाह". गाणं नाही. ठेका मी मोजून पाहिला, चार मिनिटांत एकदाही चुकलेला नाही.

पुसलेल्या फितीवर कधीकधी जुना आवाज पुसट उरतो, हे मला ठाऊक आहे. पण पुसट म्हणजे पुसट. मोबाइल मागचे आवाज दाबतो, हेही मान्य. मग खरखर कशी आली? आणि दोन दिवसांत मी पाच वेळा लावलेल्या कॅसेटवर ते फक्त त्या एका खेपेलाच कसं वाजलं?

रविवारी मी ग्रुपवर त्या चार मिनिटांचा तुकडाच टाकला. लिहिलं – गाण्याचं नाव माहीत नाही, गाणारी माहीत नाही, पहिल्यांदा ऐकलं अक्काच्या हळदीत. गाणं ऐकू येणार नाही, दाद ऐकू येईल. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वसावे सर गप्प. दुपारी त्यांचा मेसेज आला – 'चार वेळा लावलं. हे मी ऐकलेलं नव्हतं.'

उलगडा मला अजून झालेला नाही, आणि खरं सांगू का, आता मी फार शोधतही नाही. कारण त्याच दिवशी संध्याकाळी शबानाचा फोन आला. मी तो तुकडा तिलाही पाठवला होता आणि तिने तो चाचांना ऐकवला होता. ती म्हणाली,

"ताई, अब्बा इचारी ऱ्हायनात, तुमना ग्रुपमा जागा उरेल शे का?"