साडूचा दात आणि कालचा भाव

माझ्या साडूचा समोरचा दात मी पाडला, तो चार्टच्या भांडणात. लोक म्हणतात, या वयात हे शोभते का? वरूडच्या संत्रा मंडीत माझा जन्म गेला. तिथं ट्रक आधी कोणाचा लागणार यावरून डोकी फुटायची, अन् फोडणारा अन् फुटलेला संध्याकाळी एकाच बाकावर चहा प्यायचे. तिसरीनंतर मी शाळा पाहिली नाही. जे शिकलो ते त्या बाकावर.

म्हातारपणी अकोल्याला, जुन्या शहरात राहायला आलो. सासऱ्यानं दोघी बहिणींच्या नावे मिळून एक खोली ठेवली होती, खाली पिठाची चक्की. थोरलीचा नवरा मी. धाकटीचा हा साडू, अमरावतीच्या एका वकिलाकडं जन्मभर मुनशी. दोघांनाही शेअर बाजाराचा नाद. त्या खोलीत दोन टेबलं खांद्याला खांदा लावून टाकली. बाजार उघडल्यापासून बंद होईस्तोवर शिव्या. या गावात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

त्याचं सॉफ्टवेअर विकतचं. वर्षाला पैसे भरले तर उघडणार. त्यात सरासरीच्या रेघा, रंगीत पट्टे, खाली आणखी डोंगर-दऱ्या. या गर्दीत भाव शोधावा लागे. कॉम्प्युटर जुना, त्यामुळं ते उघडेपर्यंत बाजार चालू झालेला असे. माझं फुकटचं, इंटरनेटवर उघडणारं. मधेच जाहिरात यायची, दोन-तीनच्या वर रेघा टाकू देत नसे, पण झटकन उघडायचं. मला भावाची मेणबत्ती, म्हणजे त्या दिवसाचा उभा ठोकळा, दिसली की झालं, चढला तर हिरवी, पडला तर लाल. बाजार म्हणजे मारामारी. मेणबत्तीच्या वर-खाली काडी दिसते ना, तिथवर एकानं दुसऱ्याला रेटलेलं असते अन् दुसऱ्यानं त्याला हाणत परत आणलेलं असते. हे पाहायला डोंगर कशाला लागतात?

"फुकटचं खाऊन पोट बिघडते, साडूभाऊ," तो म्हणायचा.

"अन् तुहं विकतचं उघडेपर्यंत मयत निघून जाते."

एकदा त्यानं माझ्या कीबोर्डवर चहा ओतला. मी त्याचा माउस खिडकीतून खाली फेकला, तो चक्कीवालीच्या ज्वारीच्या टोपल्यात पडला. ते चालायचंच.

मी भाव कुठं लिहून ठेवत नाही. मंडीतही कधी ठेवला नाही. संध्याकाळचा भाव डोक्यात बसला की सकाळी तसाच निघतो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर आम्हा दोघांकडंही होते, आदल्या दिवशी आठशेच्या वर बंद झालेले. सकाळी खोलीत गेलो तर साडू माझ्या आधी येऊन बसलेला. त्याच्या पडद्यावर नजर गेली. मेणबत्त्या आठशेवर चढलेल्या अन् मग सरळ कडा. आजची मेणबत्ती खाली, चारशेच्या आसपास लोंबकळत होती.

मी माझा पडदा उघडला. कडा नाही. रेघ सरळ, गुळगुळीत. पण आजचा भाव चारशे, अन् कालच्या मेणबत्तीवर माउस नेला तर तीही चारशेच. मागच्या महिन्याचा भावही अर्धा. माझा कालचा दिवस कोणीतरी बदलला होता.

साडू पोट धरून हसत होता.

"काय केलं बे माह्या चार्टले?"

"म्या हातबी नाई लावला. तुहं फुकटचं खोटं बोलून राहिलं. काल आठशे होता का नाई?"

"होता."

"मंग? माह्यावर दिसते, तुह्यावर पुसला."

"काहून पुसला?"

"सांगतो ना. आधी कबूल कर, तुहं सॉफ्टवेअर भिकार. हात जोडून म्हण."

हात जोडून! मी मूठ जोडली, ती त्याच्या तोंडावर. खुर्चीसकट तो मागं गेला. मुनशी असला तरी हात रिकामा ठेवणारा नव्हता. पडल्या पडल्या त्यानं स्टूल उचलून माझ्या भुवईवर घातलं. डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याचा गळा धरला, त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला. खाली चक्की गरगरत होती, वरचं कोणाला ऐकू येणार? दमलो तेव्हा सुटलो. त्यानं दात तळहातावर थुंकला.

"बोनस दिला कंपनीनं, भैताडा! एका शेअरचे दोन झाले, म्हणून भाव अर्धा. तुहं सॉफ्टवेअर मागचे सगळे भावबी आपोआप अर्धे करते, रेघ सरळ दिसावी म्हणून. माहं जसं घडलं तसं ठेवते. मोबाईलवर मेसेज आला होता, वाचत जाय ना कधी!"

मेसेज मी वाचत नाही.

भुवईला टाके पडले. साळीनं आम्हाला दार बंद केलं. माझी बायको हळद लावता लावता म्हणाली, "माही बहीण मले उंबऱ्यात उभं करत नाई. त्याले घेऊन या, नाई तं त्या खोलीले कुलूप घालते."

"हात जोडायले कोण सांगत होतं?" मी म्हणालो. गेलो नाही.

खोलीत मात्र रोज जायचो. त्याचा पडदा काळा. एखादी हिरवी मेणबत्ती उसळली की शिवी द्यायला मान वळायची, अन् बाजूला रिकामी खुर्ची. मग ती शिवी तशीच गिळायची. असं कधी मंडीतही झालं नव्हतं.

एका सकाळी तो आला. जबडा अजून सुजलेला. बसला, मशीन चालू केली अन् नेहमीसारखी वाट पाहत राहिला. मग माझ्या पडद्याकडं वाकून पाहिलं.

"तुह्यावर तं माहे दात अजून सगळे शाबूत असतील, साडूभाऊ."

मी असा हसलो की टाका तुटला अन् रक्त गालावर आलं. तोही जबडा धरून हसला अन् कण्हला.

"बदलता येते का ते?" मी विचारलं.

त्यानं माझा माउस ओढला, कुठंतरी आत शिरून एका चौकोनातली खूण काढली. माझ्या पडद्यावरची गुळगुळीत रेघ तुटली. मेणबत्त्या आठशेवर गेल्या अन् धाडकन खाली पडल्या.

"राहू दे असंच," मी म्हणालो. "पण माहं उघडते झटकन. तुहं कधी उघडून राहिलं, पुढच्या दिवाळीले?"

त्यानं माउस उगारला.