पाहुणी

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं आमचं क्वार्टर आठवतं. शेजारी केरळची एक नर्स आंटी राहायची. ऑक्टोबरात तिच्या चर्चची माणसं रोज एकेका घरी जमून माळेची प्रार्थना म्हणायची आणि मरियेची मूर्ती दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जायची. एका वर्षी शहरातल्या दुसऱ्या वस्तीत प्रार्थना चालू असताना जमाव घुसला, धर्मांतराच्या नावाखाली मारहाण झाली, आणि आंटीकडे आलेली मूर्ती तिथंच अडकली, कारण पुढच्या घरानं दारच उघडलं नाही. आंटी टीव्हीचा आवाज वाढवून एकटीच प्रार्थना म्हणायची. मग अनोळखी पोरं गेटवर येऊन तिची चौकशी करून गेली. त्याच संध्याकाळी ती मागच्या दारानं आमच्याकडे आली. "भाभी, दो-चार दिन रख लो," म्हणत तिनं टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती आईच्या हातात दिली. टॉवेलाला मेणाचा वास होता. आमच्याकडे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बाकी देव आजोबांनी कधीच नदीत सोडलेले. बाबा चिडले. "इले कावून ठेवलं? आपन देव मानून राहिलो का?" आई कपाटातल्या साड्या सरकवत म्हणाली, "देव म्हणून नाई ठेवलं. पाहुनी हाय. आंटी येते न्यायले." आंटीच्या दाराला कुलूप लागलं, ते तिच्या हातानं पुन्हा उघडलं नाही. परवा, आई गेल्यावर, तिच्या साड्या वाटायला काढल्या, तेव्हा तळाशी तो टॉवेल निघाला, मूर्तीसकट. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला आणि रिकाम्या कपाटात परत ठेवला. "राहू दे," म्हणाले, "न्यायले येईल कोनी."