कमरेची सवत

शिंपीणबाईने आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, पण एखाद्या पट्ट्यावर जळायची पाळी आपल्यावर येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात पट्टा तिनेच शिवलेला. "स्वतःच्या हाताने सवत बेतली मी," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिच्या नाकपुड्या फुगायच्या.

नवरा वेताच्या खुर्च्या विणायचा. त्याचे डोळे लग्नाआधीच गेलेले. वीस वर्षं तो बायकोचं कोपर धरून हिंडला, आणि त्यातून दोघांची एक बिनतोंडाची बोली झाली होती. कोपर वर उचललं की पायरी चढायची, खाली सोडलं की उतरायची, अंगाशी घट्ट दाबलं की खड्डा आहे, थांबा. आणि दंडाला चिमटा काढला की चारचौघांत भलतंच बोलताय, गप्प बसा.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचं संशोधन याच्याच आसपासचं. वाट डोळ्यांना दाखवायची नाही, कानात सांगायची नाही, थेट कातडीला कळवायची. पट्ट्यात वाट ओळखणारी एक डबी आणि बटणाएवढ्या आठ मोटरी. जिकडे वळायचं तिकडची मोटर गुरगुरणार. कान मोकळे राहतात, गाड्या ऐकायला. मॅडमना पक्कं शिवणारं माणूस हवं होतं आणि पट्टा बांधून चालणारं माणूस हवं होतं. एकाच घरात दोन्ही मिळाली.

पहिल्याच दिवशी मॅडमनी वही उघडून विचारलं, "काका, काकू तुम्हाला रस्त्यात कसं सांगतात?"

काकांनी सगळं सांगितलं. पायरी, उतार, खड्डा. चिमटासुद्धा. प्रयोगशाळा खो खो हसली. शिंपीणबाई कोपऱ्यात सुई घेऊन बसली होती, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांची घरातली गोष्ट या बाबाने परक्या पोरीला उतरवून दिली! आणि महिन्याभरात तीच बोली पट्टा बोलायला लागला. दोनदा गुरगुर म्हणजे पायरी. लांब गुरगुर म्हणजे थांबा.

"कळतं का हो त्याचं?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं. त्याला रस्त्यात ओळखीच्या बायका भेटत नाहीत."

तो गमतीनेच म्हणाला. पण तेव्हापासून घरात पट्ट्याचं नाव पडलं सवत. "सवतीला चार्जिंगला लावा." "सवत भिजेल हो, आत घ्या." आणि तो कमरेवरून हात फिरवत गालात हसला की ही हातातली सुई जरा जोरातच खुपसायची.

मोठी चाचणी आली. लांब बोळ, त्यात पुठ्ठ्याची खोकी मांडलेली, मॅडमच्या हातात घड्याळ. काका निघाले ते झोकात. तिसऱ्या वळणावर पट्टा डावीकडे गुरगुरला, काका नको तेवढे वळले आणि खोक्यांच्या ढिगात आडवे झाले. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीलाही तेच. मॅडम खुर्चीत बसल्या. "कमरेला दिशा नीट समजत नसेल. म्हणजे वर्षाचं काम पहिल्यापासून." काकांनी पट्ट्याची डावी बाजू बोटांनी चाचपली.

घरी जाताना त्यांनी नेहमीसारखं बायकोचं कोपर धरलं. चौक ओलांडल्यावर म्हणाले, "डावी मोटर चार बोटं मागे सरकलीय."

"धुण्यात आकसला असेल पट्टा."

"तो अजून एकदाही धुतलेला नाही."

तिने चालायचा वेग वाढवला.

"अगं, खुर्चीची वीण एवढीशी सरकली तर मला बुडाला कळतं. तुझा टाका मला कळणार नाही? मला पाडलंस?"

"खोक्यांवर पाडलं. रिकामी होती. मी आधी एकेक उचलून बघितलं होतं."

तो रस्त्यातच हसायला लागला, मग एकदम थांबला. "हे बघ, वीस वर्षं मी कुठे चाललोय ते आधी तुला कळतं, मग मला. एकदा तरी उलटं होऊ दे की."

तिला ते झोंबलं. पण सकाळी तिने डावी मोटर उसवली, जागेवर बसवली आणि प्रयोगशाळेत जाऊन सांगितलं, "मॅडम, कमरेला काही झालेलं नाही. टाका माझा चुकला."

"काकू, तुमचा टाका? चुकला?"

"चुकला," ती म्हणाली. शिंपिणीच्या जिभेला यापेक्षा कडू शब्द नाही. मॅडमनी आदल्या दिवशीचे आकडे खोडले आणि चाचणी पुन्हा घेतली. काका बोळातून असे निघाले, जणू खोकी त्यांनीच मांडली होती. पट्टा आठवडाभर घरी न्यायची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी तो पट्टा बांधून एकटा वेत आणायला निघाला. दुकान चार गल्ल्या सोडून. अर्ध्या तासात यायला हवा होता. शिंपीणबाई मशीनवर बसली, एका बाहीला दोनदा शिवण घातली, उठून दारात गेली, परत बसली. पाऊण तास झाला. सव्वा तास झाला. मग तो आला. खांद्यावर वेताची मोळी, बुटाला ओली माती, शर्टावर बिस्किटाचा चुरा.

"कुठे होता?"

"वेत आणायला."

"वेताच्या दुकानात बिस्किटं ठेवतात?"

"जरा पुढे गेलो होतो."

"पुढे कुठे? कुणाबरोबर?"

तो नुसता हसला. मोळी कोपऱ्यात टेकवली, पट्टा सोडला, खुंटीला लावला. या माणसाचं या गावात एकही पाऊल तिला ठाऊक नसलेलं पडलं नव्हतं, आणि आज त्याच्या बुटाची माती कुठली ते तिला सांगता येईना. सवतीला मात्र ठाऊक होतं, आणि ती मेली खुंटीला गप्प लटकत होती.

शिंपीणबाईने त्याच्या दंडाला कचकन चिमटा काढला. "बोला ना!"

"बोलणारच होतो," तो दंड चोळत म्हणाला, "पण चिमटा म्हणजे गप्प. तुझंच आहे ते."

आणि आठवडाभर त्याने सांगितलं नाही.