दोन किलोंच्या आत

आमच्या सासूबाईंना बाजारात सगळे काटाबाई म्हणतात. तीस वर्षं भाजीचं दुकान चालवलं. कोबीचा गड्डा हातात घेतला की तराजूवर टाकायच्या आधी वजन सांगणार, आणि वर पिशवीचं वजन वजा करणार. जिभेला धार आहे, त्यामुळे जावई या नात्याने मी हे जपूनच लिहितो आहे.

संधिवाताने त्यांचा डावा हात केव्हाच कामातून गेला होता. मग उजव्या कोपराची पाळी आली. घास तोंडापर्यंत जाईना, तेव्हा ऑपरेशन करून सांधाच बदलला. वर्षाने तपासणी झाली, मी सोबत होतो. डॉक्टर कागद घेऊन विचारत गेले. केस विंचरता येतात? येतात. गुंड्या लावता येतात? येतात. दुखतं? अजिबात नाही. शंभरापैकी पंच्याण्णव गुण पडले. डॉक्टर खूश.

"फक्त या हाताने दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. जन्मभर. नाहीतर सांधा सैल होईल."

"आणि नातवंड?" सासूबाईंनी विचारलं. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. कागदावर तो प्रश्न नव्हता.

"दोन किलो म्हणजे दोन किलो, आजी."

मुलगी महिनाभर आधीच झाली. वजन पावणेदोन किलो. आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि सासूबाई तिला उजव्या हातावर घेऊन वॉर्डाच्या खिडकीपाशी उभ्या. "मला आनंद होतोय, आणि त्याची लाजही वाटतेय," त्या मला हळूच म्हणाल्या. मग रोज सकाळी यायच्या, तिला उचलून दहा मिनिटं फिरवायच्या आणि मुकाट्याने परत द्यायच्या.

अठराव्या दिवशी त्यांनी तिला उचललं, एक पाऊल टाकलं आणि थांबल्या.

"घ्या हिला, जावईबापू. दोन भरले."

नर्सने नुकतंच वजन केलं होतं. मी चिठ्ठी पुढे केली. "अजून पन्नास ग्रॅम बाकी आहेत, आई." मला राग आला होता, त्या डॉक्टरांचा, त्या पंच्याण्णव गुणांचा.

"ते उघड्या अंगाचं. दुपट्याचं वजन कोण धरणार?"

मी मुलीला घेतलं. बायकोला रडू फुटलं.

"रडतेस काय? पोरगी वाढतेय," म्हणत सासूबाई खुर्चीत बसल्या. डोळे पुसले, चष्मा सारखा केला.

"आता द्या इकडे. मांडीबद्दल डॉक्टर काही बोललेले नाहीत."