चंद्रप्रभाबाईंसाठी निवडलेला दिवा

मार्तंड मुदखेडकर सरांनी घरात समुद्र आणायचं काढलं, तेव्हा तरोडा नाक्याजवळच्या त्यांच्या गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. रिटायर झालेल्या माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणी गच्चीवर भाजी लावतो, कुणी पेटी शिकायला घेतो. सरांनी जन्मभर सायन्स कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं, तेव्हा त्यांचं खूळ जरा अवघडच असणार, असं लोक धरून चालले.

खरं कारण घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. चंद्रप्रभाबाईंची नजर जात चालली होती.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. प्रवाळ बेटांचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. रंगीत खडूंनी अख्खा फळा भरून टाकायच्या नि म्हणायच्या, "पोवळं म्हणजे दगड नव्हे गं, जिता जीव आहे तो. असे लाखो जीव एकमेकांच्या अंगाखांद्यावर घर बांधतात, तेव्हा बेट होतं." पण स्वतः बाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं. लक्षद्वीपचा बेत दर सुट्टीत ठरायचा नि दर सुट्टीत राहायचा. सासूबाई कैक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या, तर लेकीचं, श्रद्धाचं शिक्षण नि मग लग्न. सगळं उरकून बाई मोकळ्या झाल्या, तेव्हा दिवेलागणीला चौकटीवर आदळायला लागल्या होत्या.

हैदराबादच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला आहे, औषध नाही, आधी कडेचं दिसेनासं होईल, मग नळीतून पाहिल्यासारखं, मग तेही नाही.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. उमरी मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, शेतं दिसतात. पण सारखी मान फिरवावी लागून राहिली."

"प्रभा, लक्षद्वीपला जाऊ. पोचल्या पोचल्या तिकिटं काढतो."

बाईंनी मान हलवली. "बोटीतून वाकून बघायचं, तेही हलत्या पाण्यात. तुम्ही म्हणणार ते बघ, ते बघ. नि मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो हो म्हणणार. नको ते."

मुदखेड येऊन गेलं. पण नांदेडला उतरेपर्यंत सरांच्या मनानं घेतलं होतं. बाईंना समुद्रापाशी नेता येत नाही, तर समुद्र बाईंच्या नाकाशी आणून ठेवायचा.

आपल्या समुद्रातल्या पोवळ्याला हात लावायला कायद्यानं बंदी आहे, हे सरांना माहीत होतं. मत्स्यालयाचं दुकान चालवणाऱ्या सुदर्शननं हैदराबादहून रीतसर कागदपत्रांची, परदेशात टाकीतच वाढवलेली पोवळी मागवून द्यायचं कबूल केलं. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं, पाणी फिरतं ठेवायचं, ते फार तापू द्यायचं नाही, हे सगळं सरांनी शिकून घेतलं. लातूरहून श्रद्धा फोनवर म्हणाली, "बाबा, इथं आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, नि तुम्ही तिथं मिठाचं पाणी करून मासे पाळणार?" सर हसले. तिला आईच्या डोळ्यांचं पुरतं सांगितलं नव्हतं. तिला दिवस गेलेले होते.

सगळं अडलं ते दिव्यापाशी. पोवळ्याला ऊन लागतं. टाकीवर उजेड नेमका कसला लावायचा, याचा घोळ बरेच दिवस चालला.

सुदर्शनचं म्हणणं सरळ होतं. "सर, आता समदे एलईडी लावतात. गार ऱ्हातं, लाईट कमी खातं. तुमी हॅलाइडचं नाव काढून राहिले. ती मेटल हॅलाइड, त्यो जुना मोठा बल्ब, म्हंजे भट्टी हाय भट्टी. आपल्या उन्हाळ्यात ती टाकीवर टांगायची? पाण्याचा काढा व्हईल, सांगून ठेवतो."

"तू तिन्ही घेऊन ये," सर म्हणाले. "ट्यूबच्या नळ्या आण, एलईडी आण, हॅलाइड पण आण. निवडणारा मी नाही."

टाकीत तेव्हा नुसती वाळू, दगड नि पाणी होतं. एका दुपारी पडदे ओढून सरांनी बाईंना टाकीसमोर स्टुलावर बसवलं. आधी नळ्या लावल्या. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "पांढुरकं दिसतंय. ताकासारखं." मग एलईडी लावली. "निळं धुकं आहे. छान आहे हो." बाई छान म्हणाल्या, पण ते छान सर ओळखून होते. पाहुण्यांकडच्या बेचव भाजीलाही त्या असंच छान म्हणायच्या.

मग सुदर्शननं हॅलाइडचा खटका दाबला. तो दिवा एकदम लागत नाही. आधी मंद, जांभळट होतो, मग हळूहळू चढत जातो. चढत चढत तो पुरा पेटला, नि एकाच ठिकाणाहून सुटलेला तो लख्ख उजेड हलत्या पाण्यातून खाली उतरला. वाळूवर, दगडांवर, मागच्या भिंतीवर सोनेरी रेघांची जाळी धावायला लागली. उन्हाळ्यात गोदावरीच्या उथळ पाण्यात पायाखाली धावते, तशी.

बाई स्टुलावरून उठल्या. चाचपडत पुढे आल्या नि त्यांनी काचेला हात लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाणी हलतंय. मला दिसून राहिलंय. पाणी हलताना दिसतंय मला!"

सुदर्शननं सरांकडे पाहिलं आणि एलईडीचं खोकं बांधायला घेतलं. पुढं कधी त्यानं त्या दिव्याविरुद्ध शब्द काढला नाही. उलट पाणी गार ठेवणारं यंत्र, चिलर, स्वतः हैदराबादला जाऊन घेऊन आला.

पुढचे सहा-सात महिने त्या घरानं समुद्रकाठी काढले म्हणायला हरकत नाही. पोवळी आली, दगडांना धरली, पसरली. एक मऊ, करड्या बोटांसारखं. एक हिरवं, वाऱ्यावर गवत हलावं तसं. एक लालसर, ताटलीएवढं. त्यांच्यामधून केशरी पट्ट्यांचे दोन मासे फिरायचे. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी आपली लेकरं घेऊन यायच्या, नि बाई स्टुलावर बसून पुन्हा वर्ग घ्यायच्या. "याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच याला रंग देतं, तेच जेवू घालतं. ते शेवाळ उन्हावर जगतं, म्हणून वरचा दिवा." लेकरं काचेला नाक लावायची. सर मागं उभे राहून बायकोचा चेहरा बघायचे. इतकी सुखी ती त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही दिसली नव्हती.

नजरेची नळी मात्र अरुंद होत होती. आधी त्यांना अर्धी टाकी दिसायची. मग एकेक पोवळं. पुढं पुढं रंग विटले, नि उरली ती नुसती उजेडाची जाळी. पण ती दिसत होती.

उन्हाळ्यात श्रद्धाला मुलगी झाली. लातूरला बारसं ठरलं. सर कां कूं करत होते. मे महिना, टाकी कुणाच्या भरवशावर सोडायची? बाई म्हणाल्या, "मला नातीचं तोंड बघायचंय. दिसतंय तोवर." सर तयार झाले. शेजारच्या नीलम्मांकडे किल्ली दिली, माशांना किती दाणे टाकायचे ते दाखवलं. दिवा आपोआप लागायचा नि विझायचा, तशी घड्याळाची सोय होती. चिलर तर चालूच असायचा.

लातूरला श्रद्धाच्या गॅलरीत सकाळच्या उन्हात बाईंनी नात मांडीवर घेतली. चेहरा अगदी जवळ आणून, आधी एक डोळा, मग दुसरा, मग नाक, मग हनुवटी, असं तुकड्या-तुकड्यानं त्यांनी बाळाला पाहिलं. श्रद्धा दारात उभी होती. आईचे डोळे कुठवर आलेत, ते तिला तेव्हा कळलं. ती आत जाऊन रडली. बाईंना तिनं कळू दिलं नाही.

त्याच दुपारी नांदेडला वादळ झालं. गल्लीतली वीज गेली, तासाभरानं आली. हॅलाइड एकदा विझला की गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. गार झाल्यावर तो आपला आपण लागला. चिलर लागला नाही. वीज गेल्यावर त्याचं बटण हातानं दाबावं लागतं, नि ते नीलम्मांना सांगायचं सरांच्या डोक्यातून निघून गेलं होतं. वरून ऊन आग ओकत होतं, टाकीवर दिवा रोजच्यासारखा जळत होता नि पाणी तापत होतं.

तिसऱ्या दिवशी ते परतले तर नीलम्मा फाटकातच उभ्या होत्या. देगलूरकडच्या बाई त्या, घाबरल्या की बोलणं तुटायचं. "अय्यो सर, मासं उलटं पडलं. मी दाणं टाकले, खायनातच. मला काय कळंना सर."

"तुमची काही चूक नाही," सर म्हणाले. कुलूप काढताक्षणी त्यांना वास आला होता. ते पुढं झाले, दोन्ही मासे काढून कागदात गुंडाळले, चिलरचं बटण दाबलं नि खिडक्या उघडल्या. तोवर बाई सवयीनं भिंत धरत आपल्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या.

दिवा जळतच होता. बाईंनी टाकीकडे तोंड केलं, नि त्यांचा प्रवासानं ओढलेला चेहरा फुलला.

"अगं बाई! अहो, हे आज किती उजळ दिसतंय! किती महिन्यांनी मला पोवळी दिसली. ते बोटांचं दिसतंय, ती ताटली दिसतेय. पांढरी शुभ्र दिसतायत सगळी."

सरांच्या हातात कागदाची ती पुडी होती.

"पांढरी..." बाई पुन्हा म्हणाल्या. मग थांबल्या. बाईंनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं. पाणी तापलं की पोवळं अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, रंग जातो, पांढरी हाडं उरतात, नि मग उपासमार. फळ्यावर त्या पांढऱ्या खडूनं असंच चित्र काढायच्या. सरांनी पाहिलं, ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं, जणू ते कसं मागं घ्यायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"मासे?" त्यांनी विचारलं.

"गेले."

काच चाचपत त्या म्हणाल्या, "पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नसतं. कधी कधी परततं. पाणी गार पाहिजे. नि उजेड कमी." शेवटचा शब्द उच्चारल्यावर त्यांच्याही ध्यानात आलं आणि सरांच्याही. पांढऱ्या पडलेल्या पोवळ्याला तो प्रखर दिवा सोसत नाही. त्याला जगवायचं तर हॅलाइड बंद ठेवायला हवा.

"राहू दे," सर घाईनं म्हणाले. "नवीन आणू आपण. दिवा राहू दे, प्रभा."

"जित्या जिवाला मारून मी उजेड बघू?" बाईंचा आवाज वर्गातला होता. "बंद करा तो."

सरांनी खटका दाबला. खोलीत दुपारचं साधं ऊन होतं, सरांना सगळं लख्ख दिसत होतं. बाई अंधारात हात पसरून भिंत शोधत आत गेल्या.

सुदर्शननं एक जुनी एलईडी आणून मंद लावून दिली. सर रोज पाणी तपासायचे, थोडं थोडं बदलायचे. बाई रोज विचारायच्या, "रंग चढतोय का?" नि सर सांगायचे, "अजून नाही." ताटलीसारखं पोवळं विरघळून गेलं. हिरवंही गेलं. पण पावसाळा सरता सरता करड्या बोटांच्या बुडाशी तपकिरी झाक दिसली, मग ती वर चढत गेली. एके दिवशी बोटांच्या टोकांना बारीक फुलं उघडली. सर स्वयंपाकघरात धावत गेले. "प्रभा, वाचलं! एक वाचलं बघ!"

बाईंनी कणकेचे हात तसेच जोडले.

आता थोडा वेळ हॅलाइड लावायला हरकत नव्हती. सरांनी बाईंना स्टुलावर बसवलं, खटका दाबला. दिवा मंद लागला, चढत गेला, पुरा पेटला. पाण्यातून जाळी उतरली नि वाळूवर धावायला लागली. सर बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

बाई वाट पाहत बसल्या होत्या.

"लावा ना," त्या म्हणाल्या.

सरांनी उगाच वायरीला हात घातला, चोक चाचपला. "जरा वेळ लागतो याला," ते म्हणाले.

बाईंनी मान थोडी तिरकी केली. वरून येणारी धग त्यांच्या गालाला लागली असावी. त्यांनी हात उचलून दिव्याखाली धरला, तसाच धरून ठेवला, मग हळूच मांडीवर ठेवला.

"लागलाय का हो?"

सरांनी सांगून टाकलं. "लागलाय."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून नेहमीसारखा चहा केला, गॅसची शेगडी हातानं जोखत, नि चहा पिताना म्हणाल्या, "सुदर्शनला बोलवा. तो दिवा काढून घेऊ दे. आता तो कुणासाठी जाळायचा? त्या एका जिवाला पुन्हा चटका बसायला नको."

सुदर्शन आला. त्यानं सरांना विचारलं, "काढू का, सर?" सरांच्या आधी बाईच म्हणाल्या, "काढ बाळा." सरांनी खुर्ची धरली, सुदर्शननं वर चढून साखळ्या सोडवल्या. दिवा खाली आला. त्याच्या जागी गार एलईडी कायमची बसली. जाताना सुदर्शननं बाईंच्या पाया पडून घेतलं.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "कसं दिसतंय ते? सांगा की."

सर टाकीसमोर बसले. निळसर उजेडात करडं पोवळं एकटंच उभं होतं, बोटं सगळी उघडून. फिजिक्सच्या माणसाला बोलायला शब्द सापडेनात. "हलतंय," ते म्हणाले. "चांगलं आहे. हलतंय." मग ते रडायला लागले. बाईंनी हात पुढं केला, सरांची पाठ सापडेपर्यंत चाचपडत नेला, नि ते रडत होते तोवर तिथंच ठेवला.